सापाचं चित्र आणि कोरडा तळहात

मेंदूला इजा झाल्यावर धोक्याची दृश्यं पाहूनही माणूस ढिम्म कसा राहतो, किंवा उलट जास्तच का दचकतो, याबद्दल बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. प्रश्नकर्त्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वडिलांना (वय 61) दोन वर्षांपूर्वी हर्पिसच्या विषाणूमुळे मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण स्मरणशक्ती अधू झाली. पूर्वी टीव्हीवर साप दिसला तरी ते चॅनल बदलायला लावत. आता फणा काढलेला नाग पडद्यावर असला तरी शांतपणे पाहत बसतात. डोळे तपासले, नजर चांगली आहे. मग भीती गेली कुठे?

‘साप दिसला आणि घाबरलो’ असं आपण एका दमात बोलतो, पण मेंदूत ती निदान चार वेगळी कामं आहेत. आधी चित्र दिसावं लागतं. मग ते सापाचं आहे हे कळावं लागतं. मग हा प्रकार धोक्याचा आहे अशी खूण पटून अंग सावध व्हावं लागतं : घाम, धडधड, स्नायूंचा ताण. आणि शेवटी ‘मला भीती वाटतेय’ ही जाणीव. यातलं कुठलंही एक बिघडलं तरी बाहेरून दिसतं ते एकच : माणूस घाबरत नाही. त्यामुळे खरा प्रश्न ‘भीती गेली का’ हा नसून यातली कोणती कडी तुटली, हा आहे.

हर्पिसचा मेंदूज्वर मेंदूच्या टेम्पोरल लोबना, म्हणजे कानशिलाच्या आतल्या भागाला, विशेष करून धरतो. तिथे आतल्या बाजूला आठवणी साठवायला मदत करणारा हिप्पोकॅम्पस असतो आणि त्याच्या अगदी पुढ्यात अमिग्डाला हा बदामाएवढा, बदामाच्याच आकाराचा पेशींचा पुंजका. दोघं इतके शेजारी की या आजारात एकाला झळ लागली आणि दुसरा सुटला, असं क्वचितच होतं. वडिलांची स्मरणशक्ती गेली आहे, तेव्हा अमिग्डालालाही इजा असण्याची शक्यता बरीच आहे. दोन्ही बाजूंना किती, ते एमआरआयवरून कळेल.

पण एवढ्यावर निष्कर्ष काढू नका, कारण इथे एक फसगत असते. याच आजारात काही रुग्णांचं सजीवांविषयीचं ज्ञानच पुसलं जातं. हातोडी, खुर्ची, सुरी बरोबर ओळखतात. प्राणी मात्र ओळखू येत नाहीत. अशा माणसाला नाग म्हणजे एक लांबट, चकचकीत काहीतरी. मग घाबरायचं कशाला? ही भीतीची नव्हे, ओळखीची कडी तुटलेली असते, आणि दोन्हींत घरी घ्यायची काळजी वेगळी.

घरी साधी चाचपणी करता येते. पाच-सहा चित्रं घ्या : साप, दात विचकणारा कुत्रा, सुरी, पेटलेला स्टोव्ह, आणि मध्ये खुर्ची किंवा छत्रीसारखी निरुपद्रवी. प्रत्येक चित्राला दोनच प्रश्न, याच क्रमाने. ‘हे काय आहे?’ आणि ‘हे समोर आलं तर काय कराल?’ साप-कुत्र्याचं नावच येत नसेल आणि सुरी-स्टोव्हचं येत असेल, तर ओळख बिघडली आहे. ‘नाग आहे, चावला तर माणूस मरतो’ असं ठणठणीत उत्तर देऊन तरीही ते चित्राशी नाक लावून बघत असतील, तर ज्ञान शाबूत आणि खूण पटवणारी यंत्रणा गेलेली. उत्तरं शब्दशः लिहून ठेवा आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. ‘बाबा आता कशालाच घाबरत नाहीत’ या वाक्यापेक्षा त्यांना त्याचा कितीतरी जास्त उपयोग होईल.

दुसऱ्या प्रकारचं सर्वांत तपशीलवार अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली ‘एस.एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी स्त्री. उर्बाख-विथे नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे तिचे दोन्ही अमिग्डाला निकामी झाले. आयोवा विद्यापीठात राल्फ अडॉल्फ्स, डॅनियल ट्रॅनेल आणि दमासिओ दांपत्याने 1994 मध्ये दाखवलं की तिला फोटोंतले इतर बहुतेक भाव ओळखता येतात, पण भ्यालेला चेहरा ओळखता येत नाही. वेगवेगळे भाव कागदावर काढायला सांगितले तेव्हा भीतीपाशी ती अडली. घाबरलेला चेहरा कसा दिसतो तेच ठाऊक नाही म्हणाली आणि शेवटी रांगणारं बाळ काढलं. 2011 मध्ये जस्टिन फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी तिला विचित्र प्राणी विकणाऱ्या दुकानात नेलं. साप-कोळ्यांचा तिटकारा आहे असं ती आधी सांगत असे. प्रत्यक्षात तिने साप तीन मिनिटांहून जास्त वेळ हातात धरला, त्याच्या जिभेला बोट लावलं आणि मोठ्या, धोकादायक सापांनाही हात लावू द्या म्हणून पुन्हा पुन्हा विचारत राहिली. म्हणजे भीतीच्या जागी निर्विकारपणा आला नव्हता, कुतूहल आलं होतं. वडिलांवर लक्ष ठेवताना हे ध्यानात असू द्या. अशी माणसं धोक्यापाशी नुसती थांबत नाहीत, जवळ जातात.

प्रश्न : भ्यालेला चेहरा ओळखता न येणं, हे सरावाने सुधारतं का?

थोडंफार, आणि गंमतीच्या कारणाने. 2005 मध्ये त्याच एस.एम.ची नजर चेहऱ्यावर कुठे फिरते हे यंत्राने टिपलं, तेव्हा ती डोळ्यांकडे जवळजवळ पाहतच नाही असं आढळलं. भीती तर मुख्यतः डोळ्यांत दिसते : वर ओढलेल्या पापण्या, बुबुळाभोवती जास्त दिसणारा पांढरा भाग. ‘डोळ्यांकडे बघा’ असं सांगितल्याबरोबर तिची उत्तरं सर्वसामान्यांइतकी बरोबर येऊ लागली. पण सूचना थांबली की नजर पुन्हा नाका-तोंडाकडे. म्हणजे इथे अमिग्डालाचं काम ‘कुठे बघायचं’ हे सांगण्याचंही होतं. घरच्यांनी समोर येऊन ‘माझ्या डोळ्यांकडे बघ’ असं म्हणणं हा फुकटातला आणि उपयोगी उपाय आहे, फक्त तो प्रत्येक वेळी करावा लागतो. आवाजातली भीती तिला ओळखता येत होती, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

प्रश्न : मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. प्रकल्पासाठी मेंदूला इजा झालेल्या व्यक्तींना धोक्याची चित्रं दाखवून तळहाताचा घाम मोजायचा आहे. मार्गदर्शक म्हणतात, निष्कर्ष सहज फसतात. कुठे फसतात?

मार्गदर्शकांचं ऐका. या मोजणीत ‘प्रतिसाद नाही’ असा आकडा मिळवणं फार सोपं आहे, आणि त्यामागे मेंदू सोडून दहा कारणं असू शकतात.

आधी मांडणी. घाम आला की कातडीतून वीज जास्त सहज वाहते, तेच इथे मोजतात. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे दोन इलेक्ट्रोड तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांना, किंवा तळहाताच्या दोन फुगीर उंचवट्यांवर. विजेचा दाब अर्धा व्होल्ट, कायम तेवढाच. मध्ये लावायची जेल सौम्य मिठाची हवी. ईसीजीची जेल वापरू नका, तिच्यात मीठ फार असतं आणि आकडे फुगतात. हात साध्या पाण्याने धुवायचे, स्पिरिटने पुसायचे नाहीत, कारण त्याने कातडी कोरडी पडते. इलेक्ट्रोड लावल्यावर पाच-दहा मिनिटं नुसतं बसवून ठेवा. खोली गार असेल तर बोटं थंड पडून प्रतिसाद दबतो. पक्षाघात झालेला असेल तर लुळ्या बाजूच्या हातावर मोजू नका.

चित्र साधारण सहा सेकंद दाखवतात आणि दोन चित्रांमध्ये दहा ते वीस सेकंद जाऊ देतात, कारण घाम मंद आहे. चित्र आल्यावर एक ते तीन-चार सेकंदांत चढ सुरू झाला तरच तो त्या चित्राचा धरायचा. निदान 0.05 मायक्रोसीमेन्सचा (कातडीतून वीज किती सहज वाहते ते मोजण्याचं एकक) चढ, ही जुनी रूढ मर्यादा. आजची उपकरणं त्याहून बारीकही टिपतात. कोणतीही मर्यादा घ्या, पण आधी ठरवा आणि सगळ्यांना तीच लावा.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच विद्यार्थी गाळतात. चित्रं सुरू करण्याआधी व्यक्तीला एक खोल श्वास घ्यायला सांगा, आणि थोड्या वेळाने न सांगता मागे जोरात टाळी वाजवा. दोन्हींना आलेख वर गेला पाहिजे. गेला नाही, तर तुमचा प्रयोग तिथेच संपला. घामग्रंथी, इलेक्ट्रोड, वाढलेलं वय, मधुमेहाने बधिर झालेल्या नसा, किंवा औषधं, यांपैकी काहीतरी आड येतंय. लघवीवरच्या ताब्यासाठी आणि नैराश्यासाठी दिली जाणारी काही औषधं घामच आटवतात. अशा माणसाचा तळहात नागाला काय आणि चहाच्या कपाला काय, सारखाच कोरडा. टाळीला घाम येतो, श्वासाला येतो आणि फक्त चित्रांना येत नाही, असं दिसलं तरच पुढे बोलण्यात अर्थ आहे.

चित्रांतही खाचा आहेत. कोळ्याचं चित्र पांढऱ्यावर काळं, ठसठशीत, आणि फुलाचं मंद रंगांत, असं असेल तर तुम्ही भीती मोजत नसून उठाव मोजताय. उजेड, आकार, तपशिलांची गर्दी सारखी ठेवा. एकाच जातीची चित्रं ओळीने लावू नका. तिसऱ्या-चौथ्यापासून निरोगी माणसाचाही प्रतिसाद ओसरतो. दृष्टिक्षेत्र आधी तपासा. डाव्या अर्ध्या भागातलं दिसतच नसेल आणि साप नेमका चित्राच्या डावीकडे असेल, तर निष्कर्ष काय निघेल ते सांगायला नको.

आणखी एक मर्यादा : घामावरून खळबळ किती ते कळतं, कसली ते कळत नाही. हुरूप आणि भीती दोन्हींना तळहात ओला होतो. म्हणून जमल्यास दचकण्याची चाचणी जोडा. खालच्या पापणीखाली दोन छोटे इलेक्ट्रोड, आणि हेडफोनमधून सुमारे 95 ते 100 डेसिबलचा, 50 मिलिसेकंदांचा खरखरीत आवाज. निरोगी माणसाची पापणी अप्रिय चित्र समोर असताना जास्त जोराने मिटते, सुखद चित्रावेळी हलकेच. आवाज चित्र आल्यावर तीन-चार सेकंदांनी द्या. एक-दोन दशांश सेकंदांत दिलात तर खुद्द चित्राच्या आगमनानेच दचक दबते आणि सगळं उलटं दिसतं. ऐकू कमी येतं का, हे आधी विचारा. अपघाताच्या आठवणींनी झोप उडालेल्या व्यक्तीला या चाचणीत घेऊ नका. चित्रं कशी असतील हे सर्वांना आधीच सांगा, आणि ‘कधीही थांबवता येईल’ हे नुसतं संमतिपत्रावर नको, तोंडीही सांगा.

प्रश्न : नवऱ्याच्या कपाळाला अपघातात जबर मार बसला. आता अपघाताचे फोटो दाखवले तर ‘भयंकर आहे’ म्हणतो, पण चेहऱ्यावर सुरकुती नाही. सासूबाई म्हणतात, तो नाटक करतो. खरं काय?

नाटक करत नसावा. डोळ्यांच्या खोबणीवरचं कवटीचं हाड आतून खडबडीत असतं. डोकं हिसकलं की मेंदूचा पुढचा-खालचा भाग त्यावर घासतो, मग मार कपाळाला बसलेला असो की मागे. याच भागाला दोन्हीकडे इजा झालेल्या रुग्णांना दमासिओ आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये विदारक चित्रं दाखवली. नुसतं पाहताना तळहात कोरडे राहिले. अचानक आवाजाला किंवा खोल श्वासाला मात्र व्यवस्थित प्रतिसाद होता. चित्रात काय आहे हे ते नीट सांगत होते. आणि खरी मेख पुढे आहे. चित्र पाहता पाहता त्यावर बोलायला सांगितलं, तेव्हा बहुतेकांच्या हाताला घाम आला. अमिग्डाला जाग्यावर होता. त्याला आपणहून हाक मारणारं कोणी नव्हतं, आणि बोलण्याने ती हाक गेली, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

म्हणून एक करून पाहा. रस्ता ओलांडताना, गॅस पेटवताना, शिडीवर चढताना ‘इथे काय होऊ शकतं?’ असं विचारा आणि त्यांना मोठ्याने सांगू द्या. हा काही औषधोपचार नव्हे, पण नुसत्या ‘सांभाळून हं’ पेक्षा बरा.

माहिती आणि अंगाची सावधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा सर्वांत स्वच्छ दाखला 1995 चा आहे. अँटोइन बेचारा आणि सहकाऱ्यांनी रंगीत पडदे दाखवले; निळ्या पडद्यापाठोपाठ 100 डेसिबलचा भोंगा. अमिग्डाला गेलेल्या व्यक्तीने ‘निळ्यानंतर भोंगा होतो’ हे अचूक सांगितलं, पण नुसता निळा दिसल्यावर तिच्या हाताला घाम येईना. हिप्पोकॅम्पस गेलेल्या व्यक्तीचं बरोबर उलटं : निळ्याला घाम यायचा, पण भोंगा कशानंतर वाजला ते सांगता येईना. दोन्ही गेलेल्या तिसऱ्या व्यक्तीत दोन्ही नव्हतं. सासूबाईंना हा प्रयोग सांगून बघा.

प्रश्न : स्ट्रोकनंतर पूर्ण अंध झालेली व्यक्ती रागावलेला चेहरा ‘ओळखते’, असं वाचलं. हे खरं की चमत्काराच्या बातम्या?

खरं आहे, पण बातमीत असतं तेवढं मोठं नाही. ‘टी.एन.’ या रुग्णाला लागोपाठ दोन स्ट्रोक आले आणि दोन्ही बाजूंचा दृष्टीचा भाग, मेंदूच्या मागचा, नष्ट झाला. डोळे शाबूत, पण दिसत काहीच नाही. ॲलन पेग्ना आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये चेहरे दाखवून ‘अंदाजाने सांगा, रागीट की हसरा?’ असं विचारलं. 59 टक्के उत्तरं बरोबर आली. निव्वळ नशिबावर 50 आली असती. फरक लहान, पण इतक्या फेऱ्यांत योगायोग म्हणता येणार नाही असा. त्याच वेळी उजवा अमिग्डाला जागा झालेला स्कॅनवर दिसला. वर्तुळ की चौकोन, पुरुष की स्त्री, हे मात्र त्याला सांगता आलं नाही. चेहरे सोडून इतर भावनिक चित्रांवरही अंदाज चालला नाही, आणि नेमकं हेच बातम्यांतून गळतं. तेव्हा ‘अंधालाही साप जाणवतो’ असं यातून काढू नका.

वाट कोणती, यावर वाद आहे. अंधारात दोरीला साप समजून आपण आधी उडी मारतो आणि मग दोरी ओळखतो; वेदान्त्यांचा हा लाडका दृष्टान्त न्यूरॉलॉजीतही चपखल बसतो. मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांमध्ये, आवाजाच्या बाबतीत, थॅलॅमस या मेंदूतल्या माहितीच्या जंक्शनमधून अमिग्डालाकडे जाणारी अशी आडवाट दाखवली. माणसाच्या नजरेलाही तशीच आडवाट आहे असं अनेक जण मानतात. लुइझ पेसोआ आणि अडॉल्फ्स यांनी 2010 मध्ये त्यावर शंका घेतली : एकच चोरवाट कशाला, माहिती एकाच वेळी अनेक मार्गांनी पसरते. आम्हाला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं.

उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर डावीकडच्या गोष्टींकडे दुर्लक्ष होतं, त्या रुग्णांबद्दलही एकाने विचारलं आहे. त्यांना दोन्हीकडे एकाच वेळी चित्रं दाखवली की डावीकडचं निसटतं; पण डावीकडे कोळ्याची आकृती असेल तर ती फुलापेक्षा कमी वेळा निसटते, असं 2001 मध्ये दिसलं. लक्ष गेलेलं असलं तरी धोक्याला थोडी जास्त किंमत मिळते. थोडीच.

प्रश्न : अपस्मारासाठी बहिणीचा उजवा टेम्पोरल लोब अंशतः काढणार आहेत. तिची भीती जाईल का?

एस.एम.सारखी नाही. तिथे दोन्ही बाजू गेल्या होत्या. इथे डावा अमिग्डाला राहील. बारीक फरक मात्र मोजता येतात. 2001 च्या एका अभ्यासात उजवी शस्त्रक्रिया झालेल्यांची दचक अप्रिय चित्रं पाहताना वाढली नाही, पण ‘आता शॉक बसू शकतो’ असं शब्दांत सांगितल्यावर वाढली. डावीवाल्यांचं उलटं. रोजच्या जगण्यात हे जाणवेलच असं नाही. फिट थांबण्याचा फायदा त्यापुढे फार मोठा असतो. सर्जनला भीतीबद्दल विचारण्याआधी स्मरणशक्तीबद्दल विचारा.

प्रश्न : मग ज्यांना विनाकारण भीती वाटते त्यांचा अमिग्डाला शांत केला तर प्रश्नच मिटला! असं का करत नाहीत?

कारण तो भीतीचा नळ नव्हे. 2013 मध्ये एस.एम. आणि अमिग्डाला नसलेल्या जुळ्या बहिणींना 35 टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या हवेचा एकच श्वास दिला. तिघींची घाबरगुंडी उडाली. साप, कोळी, चाकू काहीही चाललं होतं, पण शरीराच्या आतून आलेली ‘गुदमरतोय’ ही हाक दुसऱ्या वाटेने पोचली. अचानक तीव्र भीतीचे झटके (पॅनिक अटॅक) येणाऱ्यांना बहुधा छळतं ते हेच आतलं.

शिवाय अर्धवट इजा उलटा परिणाम करते. दक्षिण आफ्रिकेत उर्बाख-विथेच्या ज्या रुग्णांत अमिग्डालाचा फक्त एक भाग बिघडलेला आहे, ते भ्यालेल्या चेहऱ्यांकडे कमी नव्हे, जास्तच खेचले जातात, असं 2012 मध्ये दिसलं. लगाम सैल झाला, घोडा राहिला. व्हिएतनाम युद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांपैकी अमिग्डालाला इजा झालेल्यांत युद्धाच्या आघाताचा मानसिक आजार आढळला नाही, हेही खरं. पण त्यासाठी मेंदूत जखम करून घ्यावी, असं कोणी म्हणणार नाही.

प्रश्न : घरात असा रुग्ण असेल तर नेमकं काय करायचं?

दिसणाऱ्या खुणांवर विसंबू नका. कवटीचं चित्र, लाल अक्षरं, ‘धोका’ची पाटी हे सगळं नजरेतून आत जातं, आणि नजरेकडून भीतीकडे जाणाऱ्या वाटेतच बिघाड आहे. त्याऐवजी अडथळा ठेवा : औषधं कुलपात, गॅसचा मुख्य नॉब स्वयंपाक झाल्यावर बंद, जिन्याला दार. धूर झाला की वाजणारा अलार्म लावा, पण तो वाजल्यावर काय करायचं याचा क्रम (उठा, दाराकडे चला, बाहेर जाऊन हाक मारा) आठवड्यातून दोनदा प्रत्यक्ष करून घ्या. भीती नसली तरी सवय लागते. आठवण ठेवण्याची शक्ती गेलेल्यांनाही हातापायांच्या सवयी पुष्कळदा लागतात.

अनोळखी माणसांपासून अंतराचा नियम बांधून द्या : एक हात लांब. एस.एम. अनोळखी माणसाच्या अगदी नाकाजवळ उभी राहिली तरी तिला अवघडल्यासारखं होत नसे. असा पटकन विश्वास टाकणाऱ्या माणसाला फसवणं सोपं असतं, म्हणून पैशांच्या व्यवहारावर दुसरी सही असू द्या.

गाडी चालवू देऊ नका, जोवर प्रत्यक्ष रस्त्यावरची चाचणी झालेली नाही. खोलीतल्या परीक्षेत ‘ब्रेक कधी लावाल?’ याचं उत्तर ही माणसं बरोबरही देऊ शकतात.

‘अजून घाबरतात का बघू’ म्हणून रक्ताळलेले व्हिडिओ दाखवत बसू नका. त्यातून काही कळत नाही. आणि ज्याला इजेनंतर भीती वाढली आहे, साध्या फटाक्याच्या चित्राने जो थरथरतो, त्याच्यावर हा प्रयोग केलात तर त्या रात्रीची झोप गेली म्हणून समजा.